हक्काच्या वाक्यातला कर्ता

आमच्या शाळेच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हटली जाते, आणि नववीतल्या कोणत्याही मुलाला झोपेतून उठवले तरी तो 'व्यक्तीची प्रतिष्ठा व राष्ट्राची एकता आणि एकात्मता' हे शब्द न अडखळता म्हणून दाखवील. प्रतिष्ठा म्हणजे काय, असे विचारले की मात्र उत्तरे वेगळ्याच दिशेने येतात. प्रतिष्ठा म्हणजे मान, मोठेपणा, वजन. ती आमदारांना असते, डॉक्टरांना असते, सोसायटीच्या चेअरमनला असते. ही उत्तरे मुलांनी हवेतून काढलेली नसतात. गणेशोत्सव मंडळाच्या निमंत्रणपत्रिकेवर 'परिसरातील प्रतिष्ठित नागरिक' असतात, निवडणूक आली की वर्तमानपत्रांत 'प्रतिष्ठेची लढत' सुरू होते, आणि नात्यातल्या एखाद्या मुलीने स्वतःच्या मनाने लग्न केले की 'घराण्याची प्रतिष्ठा' जाते. इतक्या ठिकाणी भेटलेल्या शब्दाचा अर्थ मुलांनी त्या त्या संदर्भावरून अगदी बरोबर लावलेला असतो. तोच अर्थ घेऊन ती उद्देशिकेकडे वळतात तेव्हा गोष्ट उलटी होते, कारण संविधान जी गोष्ट प्रत्येक माणसाकडे केवळ तो माणूस आहे म्हणून आहे असे मानते, ती मुलांच्या लेखी काही मोजक्यांचीच मालमत्ता ठरते.

ठाण्यात वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या वस्तीतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी मराठी आणि राज्यशास्त्र असे दोन्ही विषय शिकवते. ही जोडी वेळापत्रकाच्या सोयीने पडलेली आहे, तिच्यामागे कोणताही शैक्षणिक विचार नाही. पण मानवी हक्कांचे शब्द शिकवताना या जोडीचा मला जितका उपयोग झाला तितका कोणत्याही प्रशिक्षणाचा झाला नाही. अपरिचित शब्दाचा अर्थ थेट न सांगता तो आजूबाजूच्या मजकुरावरून मुलांकडूनच लावून घ्यावा, ही भाषाशिक्षणातली जुनी रीत आहे. मजकुरात कोणत्या खुणा शोधायच्या याच्या याद्याही ठरलेल्या आहेत: व्याख्या, समानार्थी शब्द, विरोध, उदाहरण, कारण, परिणाम. मराठी शिकवणाऱ्याला ही यादी पाहून गंमत वाटते, कारण यातले बहुतेक सारे आपण उभयान्वयी अव्ययांच्या पाठात शिकवतच असतो. 'म्हणजे' हे स्वरूपबोधक अव्यय आले की पुढे उलगडा होणार, 'पण' किंवा 'परंतु' हे न्यूनत्वबोधक आले की मागच्याला छेद देणारे काही येणार, 'म्हणून' आले की परिणाम येणार. मुले ही नावे परीक्षेपुरती पाठ करतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत विसरतात. याच नावांच्या आधाराने संविधानातला एखादा शब्द सोडवता येतो हे दिसले की व्याकरणाच्या तासाला मागच्या बाकावरूनही हात वर होतात.

प्रतिष्ठेसाठी मी गटारसफाईवरचा एक छोटा परिच्छेद लिहून देते. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत सफाईसाठी उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि अशा कामात मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबांना द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपये ठरवली, ती २०२३ मध्ये ३० लाखांवर नेली. परिच्छेदात हे सगळे नसते. त्यात एवढेच असते: 'यंत्र उपलब्ध होते, पण माणूस स्वस्त पडतो म्हणून त्याला खाली उतरवले. तो सुखरूप वर आला. परंतु त्याच्या प्रतिष्ठेचा भंग तो खाली उतरला तेव्हाच झाला होता.' मुलांनी अर्थ सांगायचा आणि मी एकच प्रश्न विचारायचा, 'कशावरून?' ज्या शब्दावरून अर्थ लावला त्याच्याखाली पेन्सिलने रेघ मारायची, रेघ नसेल तर उत्तर धरायचे नाही, असा आमचा नियम आहे. बहुतेकांची रेघ 'स्वस्त पडतो' याखाली येते. एका मुलीने तिथून काढलेला अर्थ असा होता की ज्याला प्रतिष्ठा आहे त्याचा भाव करता येत नाही. तिला तोपर्यंत कोणीही व्याख्या सांगितलेली नव्हती, आणि मला पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा तिची व्याख्या जास्त पसंत आहे.

यानंतरच मी मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याचे पहिले कलम वाचून दाखवते. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ४८ विरुद्ध शून्य मतांनी हा जाहीरनामा स्वीकारला, ८ देश तटस्थ राहिले. त्याच्या मराठी अनुवादात 'सर्व मानवी व्यक्ती' असे जरा अवघडलेले शब्द आहेत, आणि ते तसे का आहेत हे वाक्यातून कधीच कळणार नाही. त्यासाठी हंसा मेहता सांगाव्या लागतात. मसुद्यात सुरुवातीला केवळ पुरुषांचा बोध होऊ शकेल असा शब्द होता आणि भारताच्या प्रतिनिधी म्हणून मेहता यांनी तो बदलून घेतला. त्याच कलमात 'सदसद्विवेकबुद्धी' हा शब्दही आहे. तो पाहून वर्गात हशा पिकतो, पण सत्, असत् आणि विवेक अशी फोड केली की आठवीतली मुलेसुद्धा तो सोडवतात. माझा अनुभव असा आहे की लांबलचक संस्कृत शब्द मुलांना फारसे फसवत नाहीत. आपल्याला हा शब्द येत नाही हे त्यांना ठाऊक असते, म्हणून ती जपून वाचतात. फसवतात ते ओळखीचे शब्द.

वाचनशिक्षणाच्या संशोधक इसाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये लिहिलेल्या एका लेखात सगळे संदर्भ सारखे नसतात हे नेमके मांडले आहे. काही संदर्भ अर्थाकडे सरळ नेतात, काही अंधुक दिशा देतात, काही काहीच सांगत नाहीत, आणि काही चक्क चुकीच्या दिशेला नेतात. वाचता वाचता भेटलेल्या अनोळखी शब्दांपैकी साधारण पंधरा टक्केच शब्द विद्यार्थी आत्मसात करतात, असा निष्कर्ष स्वानबोर्न आणि डी ग्लॉपर यांनी अनेक अभ्यास एकत्र करून १९९९ मध्ये काढला. एखादा मजकूर कोणाच्या मदतीशिवाय समजायचा असेल तर त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द आधीच ओळखीचे असावे लागतात, असे पॉल नेशन यांचे काम सांगते. या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की कायद्याचे कलम फळ्यावर लिहून 'संदर्भावरून अर्थ लावा' असे मुलांना सांगणे म्हणजे त्यांना वाऱ्यावर सोडणे आहे हे कळते. परिच्छेद शिक्षकानेच लिहावा लागतो, आणि तो लिहिताना आपण कोणत्या प्रकारचा संदर्भ पुरवतो आहोत हे स्वतःला विचारावे लागते.

'कच्चा कैदी' हा असाच ओळखीच्या वेशात येणारा शब्द आहे. कोर्ट नाक्याकडून कळव्याच्या पुलाकडे जाताना ठाणे मध्यवर्ती कारागृहाची भिंत आमच्या मुलांनी पाहिलेली असते. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला पुढे तुरुंग झाला, आणि अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी देण्यात आले, हे ठाण्याच्या मुलांना इतिहासाच्या तासाला आवर्जून सांगितले जाते. त्यामुळे तुरुंगातल्या माणसाविषयी त्यांच्या मनात दोनच चित्रे असतात: एक हुतात्म्याचे आणि दुसरे बातम्यांतल्या गुन्हेगाराचे. जो या दोहोंपैकी कोणीच नाही, ज्याचे अजून काहीच ठरलेले नाही, अशा माणसासाठी त्यांच्याकडे चित्र नाही. शब्द फळ्यावर लिहिल्यावर पहिला तर्क नेहमी 'कच्चं लिंबू'कडे जातो. खेळातल्या लहानग्या कच्च्या लिंबावर जसे राज्य येत नाही, तसे कच्च्या कैद्याला तुरुंगाचे नियम पुरते लागू होत नसणार, असे एका मुलाने मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते. इतर काहींच्या मते तो किरकोळ चोरी करणारा असतो, आणि पक्का कैदी म्हणजे खून करणारा.

मग परिच्छेद येतो: 'त्याला अटक होऊन दोन वर्षे झाली होती, पण खटला अजून सुरू झालेला नव्हता. शिक्षा झालेले कैदी तुरुंगाचे कपडे घालत. तो मात्र कच्चा कैदी असल्यामुळे घरून आलेलेच कपडे वापरी. जामिनासाठी लागणारी रक्कम घरच्यांकडे नव्हती, म्हणून तो आत राहिला.' इथे खुणा भरपूर आहेत आणि त्या एकमेकींना पुरावा देतात. 'मात्र'मुळे दोन प्रकारचे कैदी समोरासमोर येतात, 'अजून'मुळे खटल्याची स्थिती कळते. शेवटच्या वाक्यातल्या 'म्हणून'कडे मुले जरा उशिरा पोहोचतात, पण पोहोचली की वर्गातला आवाज बदलतो, कारण तो माणूस गुन्ह्यामुळे आत नसून पैशांमुळे आत आहे हे त्या एका अव्ययाने सांगितलेले असते. यानंतर मी आकडे देते. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे, म्हणजे दर चारांतले तीन. हा आकडा आधी सांगितला असता तर 'किती गुन्हेगार आहेत आपल्या देशात' अशी प्रतिक्रिया आली असती. शब्द सुटल्यानंतर आला की प्रश्न येतो, 'मग यांना सोडवायचे कोणी?'

या प्रश्नापाशी मला या लेखात जे म्हणायचे आहे ते येते. हक्काचा शब्द शिकवताना त्याचा अर्थ कळणे ही अर्धीच गोष्ट आहे. त्या शब्दाच्या वाक्यात कर्ता कोण, हे विचारायची सवय लागली नाही तर अर्थ कळूनही मुलाच्या हाती काही राहत नाही. हक्काच्या वाक्यात एक माणूस असतो ज्याचा तो हक्क आहे, आणि दुसरा कोणीतरी असतो ज्याने काही करायचे आहे किंवा करायचे नाही आहे. बिहारच्या तुरुंगांत कमाल शिक्षेपेक्षाही जास्त काळ खटल्याविना खितपत पडलेल्या माणसांविषयी हुसैनारा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये जलद सुनावणी हा संविधानाच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत अशी तरतूद आली की कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला, काही अपवाद वगळता, सोडावे. सोडावे, हे ठीक. पण न्यायालयाच्या लक्षात ते कोणी आणून द्यायचे, हे त्या कलमात नव्हते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमात पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्यांसाठी ही मुदत एक तृतीयांशावर आणली आहे, आणि मुदत भरताच न्यायालयात लेखी अर्ज करण्याचे काम तुरुंगाच्या अधीक्षकांवर टाकले आहे. नववीच्या मुलांना मी ही दोन्ही वाक्ये सोप्या मराठीत शेजारी शेजारी लिहून देते आणि फरक शोधायला सांगते. कायद्याचे शिक्षण म्हणून हे अपुरे असेल, पण कर्ता सापडला की वाक्याचे बळ कसे बदलते हे त्यांना याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण मला मिळालेले नाही.

वर्तमानपत्री मराठी नेमका हाच कर्ता लपवते. 'अतिक्रमणे हटवण्यात आली', 'झोपड्या जमीनदोस्त करण्यात आल्या', 'लाभार्थ्यांना साहित्याचे वाटप करण्यात आले' या वाक्यांत कोणी काय केले हे विचारायला जागाच ठेवलेली नसते. अशा बातम्यांवरून मुलांनी 'अतिक्रमण' या शब्दाचा अर्थ लावला तर तो 'पाडायची गोष्ट' एवढाच निघतो, आणि ज्यांच्या घराला हा शब्द लागतो त्यांच्यासाठीही तो तसाच निघतो. वागळे इस्टेट आणि किसननगरच्या मुलांना 'क्लस्टर' (म्हणजे वस्तीचा सामूहिक पुनर्विकास), 'पात्र', 'अपात्र', 'सर्वेक्षण' हे शब्द पाठ्यपुस्तकात यायच्या आधीपासून येतात. वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून ते त्यांच्या कानांवर पडलेले असतात. एकदा एकाने 'अपात्र'चा वाक्यात उपयोग असा केला: 'काका अपात्र निघाले.' जणू काकांच्या अंगातच तो दोष होता आणि तपासणीत तो सापडला. कोणी अपात्र ठरवले, कोणत्या कागदावरून ठरवले, त्याविरुद्ध दाद कोणाकडे मागायची, यांतले काहीही त्या वाक्यात नव्हते.

इथे मी ओल्गा टेलिस खटला सांगते, आणि मुंबईचा असल्यामुळे तो मुलांना जवळचा वाटतो. १९८१ च्या जुलैमध्ये मुंबईतल्या पदपथांवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, कारण उपजीविकेचे साधन काढून घेणे हा माणसाचे जगणे काढून घेण्याचा सोपा मार्ग आहे, असे त्या निकालाचे सूत्र आहे. हे अर्धेच सांगून थांबण्याचा मोह मला होतो, पण मी थांबत नाही, कारण निकालाच्या पुढच्या भागात 'पण' आहे. पदपथावर वस्ती करण्याचा हक्क कोणाला नाही, असेही न्यायालय म्हणाले. हटवायचे तर नोटीस द्या, म्हणणे ऐकून घ्या, आणि त्या वर्षीचा पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, हटवू नका, असे सांगितले. न्यूनत्वबोधक अव्यय एवढ्या मोठ्या वजनाने वापरलेले मुलांनी पूर्वी पाहिलेले नसते. 'म्हणजे जिंकले की हरले?' हा प्रश्न दरवर्षी येतो. मी त्याचे उत्तर देत नाही. त्याऐवजी बातमीतले 'हटवण्यात आली' हे वाक्य पुन्हा लिहायला सांगते, या वेळी कर्ता, नोटीस आणि सुनावणी यांना जागा ठेवून. हे लिहिताना मुले अडतात, कारण बातमीत ती माहितीच नसते, आणि माहिती नाही हे लक्षात येणे हाच त्या दिवसाचा पाठ असतो.

'किंवा' या अव्ययाने मला स्वतंत्रपणे विचार करायला लावला. विकल्पबोधक अव्यय पाहून मुले समजतात की दोन्ही बाजूंना समानार्थी शब्द आहेत, आणि पाठ्यपुस्तकी गद्यात ते पुष्कळदा खरेही असते: 'वेठबिगारी किंवा सक्तीचे श्रम' असे वाचले की पहिला शब्द दुसऱ्याने सुटतो. कायद्यात मात्र 'किंवा' बहुधा वेगळ्या गोष्टी एकापुढे एक मांडते. एकविसाव्या कलमातले जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, पंधराव्या कलमातले धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान हे पाच वेगवेगळे आधार आहेत, आणि यांतला एकही दुसऱ्याचे स्पष्टीकरण नाही. संदर्भावरून अर्थ लावण्याची जी युक्ती कथेत चालते ती कायद्यात याच ठिकाणी दगा देते, म्हणून कायद्याचा मजकूर आला की 'किंवा'च्या दोन्ही बाजूंची वेगवेगळी उदाहरणे द्यायची, असे आम्ही ठरवून टाकले आहे.

वेठबिगारीसाठी तर ठाणे जिल्ह्याला उसन्या उदाहरणांची गरजच नाही. तलासरी आता २०१४ साली झालेल्या पालघर जिल्ह्यात मोडते, पण १९४५ मध्ये तिथल्या वारल्यांनी शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्यासोबत जमीनदारांच्या वेठीविरुद्ध लढा उभारला तेव्हा तो ठाणे जिल्हाच होता. लग्नासाठी घेतलेले कर्ज फेडायला नवराबायको सावकाराकडे राबत राहत, त्यांना 'लग्नगडी' म्हणत. हा शब्द मुलांना द्यावा आणि गप्प बसावे. ती आधी त्याचा अर्थ लग्नातला मित्र असा लावतात आणि मग परिच्छेद वाचून स्तब्ध होतात. इतिहासात शब्द अडकून राहू नये म्हणून मी १९८२ चा आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांचा निकाल जोडते. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबावे लागणे हेही तेविसाव्या कलमातले सक्तीचे श्रम आहेत, कारण भूक आणि गरिबी हीसुद्धा सक्तीच आहे, असे तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. ज्यांच्या आया इस्टेटीतल्या लहान युनिटांत नगावर पॅकिंगचे काम करतात, त्या मुलांचे चेहरे या वाक्यावर बदलतात. मी त्या वेळी कोणालाही घरचे सांगायला लावत नाही. हक्कांच्या तासाला मुलांच्या घरची दुःखे बाहेर काढून धडा रंगवणे मला पटत नाही. त्यांना शब्द मिळाला, तो कुठे वापरायचा हे त्यांचे ती ठरवतील.

अधिकार आणि उपकार यांतला फरक शिकवायला सर्वांत उपयोगी पडते ती शाळेतली खिचडी. शालेय पोषण आहार कोण देते, असे विचारल्यावर 'सरकार देते' हे उत्तर येते, आणि 'देते' या क्रियापदात दात्याचा मोठेपणा आपोआप बसलेला असतो. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न शाळांत देण्याचा आदेश राज्यांना दिला आणि २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने पहिली ते आठवीच्या मुलांचा तो कायदेशीर हक्क झाला. एवढे सांगूनही 'देते'चा रंग जात नाही. तो जातो एका संकेतार्थी वाक्याने: शाळेच्या दिवशी ठरलेले जेवण न मिळाल्यास मुलाला अन्नसुरक्षा भत्ता मिळाला पाहिजे, अशी २०१५ च्या नियमांत तरतूद आहे. 'न मिळाल्यास' पुढे काही लिहिलेले असेल तर तो हक्क, आणि काहीच लिहिलेले नसेल तर ती कृपा, ही कसोटी मुलांना चटकन उमगते, आणि मग ती दिसेल त्या योजनेला लावतात. मोफत बसपास, गणवेश, शिष्यवृत्ती, एवढेच काय, वाचनालयाच्या पुस्तकांनासुद्धा त्यांनी ती लावून पाहिली.

तरीही संदर्भावर किती भिस्त ठेवायची याला सीमा आहे, आणि ती सीमा मला ठाम आखावीशी वाटते. अर्थाचा अंदाज हा अंदाजच असतो. कथेत तो थोडा चुकला तरी काही बिघडत नाही, पण पोलिसांनी 'चौकशीसाठी बोलावले', 'ताब्यात घेतले', 'अटक केली' आणि 'स्थानबद्ध केले' यांतला फरक कोणत्याही परिच्छेदावरून नेमका काढता येत नाही, तो सांगावाच लागतो. अटक झालेल्याला अटकेचे कारण कळवले पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले पाहिजे, हे बाविसावे कलम मी कोणताही खेळ न करता सरळ लिहून देते आणि पाठ करून घेते. त्यासोबत शीला बर्से यांची हकीकत सांगते. मुंबईच्या कोठड्यांतल्या महिलांना भेटून या पत्रकार महिलेने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि १९८३ मध्ये न्यायालयाने महिलांसाठी वेगळी कोठडी, तिथे महिला पोलीस आणि अटक होताच विधी साहाय्य समितीला कळवणे असे निर्देश दिले. पाठांतराची आपल्याकडे फार चेष्टा होते. पण गोंधळाच्या क्षणी आठवणारे एक नेमके वाक्य माणसाच्या कामी येते, त्या क्षणी तर्क सुचत नाही.

'विधिसंघर्षग्रस्त बालक' हाही सांगण्याचाच शब्द आहे. ठाण्याच्या गुन्हेवृत्तांत तो इतका नियमित येतो की मुले त्याचा अर्थ 'लहान गुन्हेगार' असा धरतात, आणि बातमीच्या संदर्भाने दुसरा अर्थ निघणेही शक्य नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला गुन्हेगाराचा शिक्का बसू नये म्हणून २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या मराठीत हा शब्द योजला आहे आणि त्याची ओळख जाहीर करण्यास त्या कायद्याने मनाई आहे, हे बातमीतून कळत नाही. 'राज्य' या शब्दाचेही तसेच. पंधरावे कलम 'राज्य' या कर्त्याने सुरू होते, आणि राज्य म्हटले की मुलांना महाराष्ट्र आठवतो, शिवाजी महाराज आठवतात, नाहीतर लपंडावातले राज्य आठवते. बाराव्या कलमात राज्याची व्याख्या आहे आणि तिच्यात केंद्र व राज्य सरकारांबरोबर स्थानिक प्राधिकरणेही येतात, म्हणजे महानगरपालिकाही येते, हे सांगितल्यावरच त्या कर्त्याला पत्ता मिळतो.

या वर्षी परिच्छेद लिहिण्याचे काम मी नववीच्या गटांकडे सोपवले आहे. त्यांनी लिहायचे आणि आठवीने सोडवायचे. एका गटाने 'पाण्याचा हक्क' निवडला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क मानला, आणि मुंबईतल्या अनधिकृत वस्त्यांनाही पाणी देण्याविषयी मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर महापालिकेला आदेश दिला, एवढी सामग्री मी पुरवली होती. पहिला खर्डा आला तो असा: 'आमच्या गल्लीत पहाटे पाणी सोडण्यात येते.' आठवीच्या एका मुलीने त्यावर लाल पेनाने 'कोण सोडते?' असे लिहून वही परत पाठवली. गटात तिथपासून वाद आहे. एकाच्या मते महापालिका, दुसऱ्याच्या मते चाळीचा मालक, कारण पंपाची चावी त्याच्याकडे असते. तिसरा म्हणतो की जोडणी कोणाच्या नावावर आहे ते बिलावर पाहावे लागेल. बिल कोणाच्याच घरी सापडलेले नाही. प्रभाग समितीच्या कार्यालयात जाऊन विचारायचे असे त्यांनी ठरवले आहे, आणि तिथे द्यायच्या अर्जाचा मसुदा सध्या माझ्याकडे तपासायला आलेला आहे. त्यातल्या दुसऱ्या ओळीत 'माहिती देण्यात यावी' असे आहे, तेवढे वाक्य मी त्यांना पुन्हा लिहायला सांगणार आहे.